प्रेक्षकावरचा उजेड : बादल सरकार आणि 'शताब्दी'



आयुष्यभर मुलांकडून नाटकं बसवून घेणाऱ्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. तिथे मला बोलायला बोलावलंत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आजचा विषय मी मुद्दाम नाट्यगृहाबाहेरचा घेतला आहे. 1967 साली कोलकात्यात बादल सरकार यांनी 'शताब्दी' हा नाट्यसंच उभा केला. पुढच्या पाचसहा वर्षांत या संचाने रंगमंच सोडला. पडदा, विंगा, नेपथ्य, प्रकाशयोजनेचा थाट, हळूहळू तिकिटाचीही सक्ती, असं एकेक सोडत हा संच प्रेक्षकांच्या मधोमध येऊन उभा राहिला. नटाचा श्वास ऐकू यावा, घाम दिसावा इतक्या जवळ.

बादलबाबूंचा जन्म 15 जुलै 1925 चा. त्यांची जन्मशताब्दी होऊन गेली. मराठी रसिक त्यांना ओळखतो तो 'एवम् इंद्रजित', 'बाकी इतिहास', 'पगला घोडा' यांचा नाटककार म्हणून. ही ओळख खरी आहे आणि अपुरीही आहे. ही नाटकं लिहून देशभर नाव झाल्यावर त्यांनी जे काम हाती घेतलं, ते मला अधिक धाडसाचं वाटतं. आज त्याच कामाविषयी बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्रेक्षकाला नाटकात सामील करून घेण्याची भाषा आज जगभर ऐकू येते. प्रेक्षकांमधून फिरणारी, त्यांना खोल्याखोल्यांतून नेणारी नाटकं होत आहेत. पण नट जवळ आला म्हणून नाटक जवळ येतं असं नाही. 'शताब्दी'ने तीन गोष्टी एकत्र केल्या : नाटकावरची पैशाची पकड सैल केली, प्रेक्षकाला अंधारातून उजेडात आणलं, आणि नाटक एकट्या लेखकाने न लिहिता समूहाने रचलं. या तिन्ही गोष्टी एकमेकींवर उभ्या आहेत. एक काढली तर उरलेल्या दोन लंगड्या होतात.

शहरं आखणारा नाटककार

बादल सरकार व्यवसायाने स्थापत्य अभियंता आणि नगररचनाकार होते. शिबपूरच्या बंगाल इंजिनीअरिंग कॉलेजात ते शिकले. भारतात, इंग्लंडमध्ये आणि नायजेरियात त्यांनी काम केलं. 1957 ते 1959 या काळात ते लंडनला होते. प्रेक्षक चोहोबाजूंनी बसले आहेत आणि मध्ये नाटक चाललं आहे, हा प्रकार त्यांनी तिथे पाहिला. 'एवम् इंद्रजित' 1963 चं. त्यानंतर नायजेरियात असताना त्यांनी 'बाकी इतिहास', 'पगला घोडा' यांसारखी नाटकं लिहिली. शंभू मित्र यांच्या 'बहुरूपी'ने ती कोलकात्यात केली. मुंबईत सत्यदेव दुबे यांनी त्यांची नाटकं हिंदीत उभी केली. गिरीश कार्नाड यांनी 'एवम् इंद्रजित' इंग्रजीत नेलं. 1968 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1972 साली पद्मश्री मिळाली. रूढ रंगभूमीवर एखाद्या नाटककाराला जे मिळू शकतं, ते त्यांना पन्नाशीच्या आत मिळालं होतं.

नगररचनाकाराचा हा पेशा मला महत्त्वाचा वाटतो. माणसं कुठे एकत्र येतात, कुठून येतात, कुणाला वाट मिळते आणि कुणाला मिळत नाही, याचा विचार करणं हेच त्या माणसाचं रोजचं काम होतं. म्हणून त्यांनी नाटकाकडे पाहिलं तेव्हा संहितेच्या आधी त्यांना जागा दिसली. एका टोकाला उंच चौथरा, त्यावर झगझगीत प्रकाश. समोर काळोखात रांगेने बांधून ठेवल्यासारखी माणसं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. जिवंत माणसासमोर जिवंत माणूस असणं हेच नाटकाचं सिनेमापेक्षा वेगळं बळ. मग तेच बळ या रचनेत का दडपून टाकायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

1969 साली ते सोव्हिएत युनियन, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाला गेले. मॉस्कोत ल्युबिमोव्ह यांच्या तागांका थिएटरचं काम आणि पोलंडमध्ये ग्रोटोव्स्की यांचं काम त्यांनी पाहिलं. पुढे अमेरिकेतले रिचर्ड शेखनर आणि 'लिव्हिंग थिएटर'चे ज्युलियन बेक व ज्युडिथ मालिना यांच्याशी त्यांचा संबंध आला. त्या प्रत्येकाकडून त्यांनी काही घेतलं, पण दारिद्र्य आणि निरक्षरता असलेल्या आपल्या देशात त्याचा उपयोग काय, या कसोटीवर ते घासून घेतलं. 1971 साली त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. तिच्यासाठी निवडलेला विषय होता शहर आणि खेडं यांना जोडणाऱ्या रंगभूमीचा.

तिसरी रंगभूमी

बादलबाबूंचं विश्लेषण सरळ होतं. आपल्या देशात दोन रंगभूमी आहेत. पहिली खेड्यातली : जात्रा, तमाशा, दशावतार यांसारख्या प्रकारांची. ती जिवंत आहे, लोकांची आहे, पण तिच्यात येणारे विचार पुष्कळदा जुन्या सरंजामी मूल्यांचे असतात. दुसरी शहरातली, पाश्चात्त्यांकडून आलेली, चौकटीच्या रंगमंचाची. तिच्यात नवे विचार येतात, पण ते शहरातल्या मूठभर सुशिक्षितांपुरते राहतात आणि त्यांच्यातही कृतीला जन्म देत नाहीत. दोहोंमधलं घेण्यासारखं घेऊन, दोहोंचं अनुकरण टाळून, जी उभी करायची ती तिसरी रंगभूमी. तिच्यासाठी त्यांनी तीन अटी घातल्या. ती कुठेही सामावणारी हवी, कुठेही नेता येणारी हवी आणि स्वस्त हवी.

या तिसऱ्या अटीवर, स्वस्त असण्यावर, मी जरा थांबणार आहे. प्रायोगिक रंगभूमीवर बोलताना आपण शैलीवर तासन्‌तास बोलतो आणि हिशेबाची वही उघडत नाही. बादलबाबूंनी ती उघडली. नाट्यगृहाचं भाडं, नेपथ्य, दिवे, वेशभूषा, वर्तमानपत्रातली जाहिरात या सगळ्यांसाठी पैसा लागतो. तो तिकिटातून काढायचा म्हणजे तिकीट परवडणारा प्रेक्षक शोधायचा. तो प्रेक्षक ठरला की त्याला काय रुचेल हे आपोआप ठरतं. खेड्यात जायचं म्हटलं तर हा संसार ट्रकमध्ये घालावा लागतो आणि गावात सोयी नसतात. म्हणजे नाटक कुणासाठी आणि कशाविषयी, याचा निर्णय लेखक-दिग्दर्शकाच्या आधी खर्चच करून टाकतो.

'शताब्दी'ने खर्चाची एकेक बाब काढायला घेतली, आणि काढता काढता त्यांच्या ध्यानात आलं की उरतं ते नाटकच आहे. नेपथ्य गेलं, तिथे नटाचं शरीर आलं. ध्वनिमुद्रित संगीत गेलं, तिथे माणसाच्या कंठातले आवाज आले. 1959 साली उत्पल दत्त यांच्या 'अंगार' नाटकात मिनर्व्हा थिएटरच्या रंगमंचावर कोळशाच्या खाणीत पाणी चढताना दिसत असे. तापस सेन यांच्या प्रकाशयोजनेची ती किमया बंगालमध्ये आजही सांगितली जाते. याउलट 'शताब्दी'च्या नाटकांत झाड, होडी, यंत्र, जंगल, तुरुंगाच्या भिंती हे सगळं माणसांचं झालं. संस्थेचे सभासद नोकऱ्या सांभाळून, मानधन न घेता काम करत. मैदानातल्या प्रयोगानंतर कापड पसरलं जाई आणि ज्याला जे वाटेल ते तो टाकी. तिकीट ही नाटकाच्या दारातली अट राहिली नाही.

पैसा या गोष्टीचा विचार त्यांनी नाटकाच्या आशयातही केला. 'हट्टमालार ओपारे' हे त्यांचं लहानथोर सगळ्यांना आवडणारं नाटक. केनाराम आणि बेचाराम हे दोन चोर पाठलाग चुकवताना नदीत उडी घेतात आणि अशा मुलखात पोचतात जिथे पैसाच नाही. हवं ते घ्यावं, जमेल ते काम करावं. चोरांना सुचेनासं होतं. चोरी कशाची करायची? ही गोष्ट त्यांनी प्रेमेंद्र मित्र आणि लीला मजुमदार यांच्या बालकथेवरून घेतली. ज्या संचाने आपल्या व्यवहारातून तिकीटखिडकी काढली, त्या संचाने हे नाटक करावं यात मोठी संगती आहे.

चार वाटा

आता दुसरी गोष्ट : प्रेक्षकावरचा उजेड. बादलबाबू म्हणत, नाटकात देवाणघेवाणीच्या चार वाटा असतात. नटाकडून नटाकडे, नटाकडून प्रेक्षकाकडे, प्रेक्षकाकडून नटाकडे आणि प्रेक्षकाकडून प्रेक्षकाकडे. चौकटीच्या रंगमंचावर पहिल्या दोन वाटा कशाबशा वाहत्या राहतात. तिसरी अंधुक होते, कारण नटाला समोर काळोखाखेरीज काही दिसत नाही. चौथी तर बंदच होते. शेजारच्या माणसाचा चेहरा मला दिसत नाही आणि माझा त्याला दिसत नाही. आपण पाचशे माणसं एका घरात बसतो आणि एकेकटे नाटक पाहून घरी जातो.

1972 च्या 'स्पार्टाकस'मध्ये या चारही वाटा मोकळ्या करण्याचा प्रयत्न झाला. हॉवर्ड फास्ट यांच्या कादंबरीवरून घेतलेलं हे नाटक, रोममधल्या गुलामांच्या बंडाचं. कोलकात्याच्या अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्सच्या इमारतीतली एक खोली त्यासाठी घेतली. तिथे जे रूप आकाराला आलं त्याला 'अंगनमंच' हे नाव पडलं. प्रेक्षकांचे लहान लहान गट करून त्यांना खोलीभर बसवलं, मधल्या जागा नटांसाठी सोडल्या. गुलाम राबत होते, फटके खात होते, कोसळत होते ते प्रेक्षकांच्या शेजारी. शब्द कमी होते. श्वास, कण्हणं, पावलांचा ठेका, ओझं ओढतानाचे आवाज यांनी खोली भरून जात असे. आणि दिवे प्रेक्षकांवरही होते. समोरच्या बाकावरचा माणूस मान खाली घालतो, कुणी डोळे पुसतो, कुणी घड्याळ पाहतो, हे सगळ्यांना दिसत होतं. प्रेक्षक दिसू लागला की त्याच्या प्रतिसादाला साक्षीदार मिळतात. 'शताब्दी'च्या साऱ्या प्रयोगशीलतेचं सार मला या एका गोष्टीत दिसतं.

खोलीतून हे नाटक 1973 साली उघड्यावर, कर्झन पार्कमध्ये आलं. शनिवारी तिथे निरनिराळे गट जमू लागले. येणारा-जाणारा थांबे, पाही, नाही रुचलं तर निघून जाई. नटाच्या दृष्टीने ही फार कठोर परीक्षा आहे. निघून जाण्याचं इतकं पुरतं स्वातंत्र्य असलेला प्रेक्षक टिकवायचा तर नाटकात सत्त्वच असावं लागतं.

काळही साधा नव्हता. नक्षलवादी चळवळ, पोलिसी दडपशाही, रस्त्यात सापडणारी तरुण मुलांची प्रेतं हे त्या वर्षांतलं कोलकाता होतं. 20 जुलै 1974 रोजी याच कर्झन पार्कमध्ये सांस्कृतिक कार्यक्रमासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी हल्ला केला आणि प्रबीर दत्त हा तरुण मारला गेला. उघड्यावर नाटक करण्यात जो धोका होता तो असा प्रत्यक्ष होता.

'मिछिल' त्याच वर्षातलं. मिछिल म्हणजे मिरवणूक, मोर्चा. एक तरुण मुलगा मारला जातो आणि कोतवाल सांगत राहतो की कुणी मेलेलं नाही, काही घडलेलं नाही, घरी जा. मुलगा पुन्हा पुन्हा मारला जातो. एक म्हातारा घरचा रस्ता चुकला आहे. लहानपणी हरवलेला, तो अजून घर शोधतो आहे. त्यांच्याभोवती नाना तऱ्हेच्या मिरवणुका येतात आणि जातात : देवाच्या, पक्षांच्या, उत्सवाच्या. घरी नेणारी खरी मिरवणूक कोणती, हा नाटकाचा शोध. यातली आसनव्यवस्थाच शहरासारखी होती. बाकांची मांडणी अशी, की मधून रस्ते, गल्ल्या आणि वळणं तयार व्हावीत. नगररचनाकाराचा हात इथे दिसतो. मिरवणूक प्रेक्षकांच्या पाठीमागून, बाजूने, मधून फिरत राही आणि शेवटी नट प्रेक्षकांचे हात धरून त्यांना आत घेत. उठायचं की बसून राहायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

या ठिकाणी एक तुलना करतो. न्यूयॉर्कमध्ये 2011 पासून जानेवारी 2025 पर्यंत 'स्लीप नो मोअर' हा प्रयोग चालला. 'पंचड्रंक' या ब्रिटिश संस्थेचं हे काम 'मॅकबेथ'वर आधारलेलं होतं. प्रेक्षक एका मोठ्या इमारतीत मजल्यामजल्यांवर मोकळे फिरत, हव्या त्या नटाच्या मागे जात, कपाटं उघडून पाहत. जागेची आणि वातावरणाची अशी कल्पक रचना क्वचितच पाहायला मिळते, आणि तिच्यामागचं कौशल्य अव्वल दर्जाचं होतं. पण तिथे प्रत्येक प्रेक्षकाला पांढरा मुखवटा घालावा लागे आणि बोलायला मनाई असे. म्हणजे अंधार नाट्यगृहातून उचलून प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर आणला गेला. मुखवट्यातला प्रेक्षक निर्धास्तपणे डोकावतो. 'मिछिल'मधल्या प्रेक्षकाला अशी आड मिळत नाही. दोन्ही प्रयोग प्रेक्षकाला आत घेतात. पहिल्यात तो अनुभव घेऊन बाहेर पडतो, दुसऱ्यात तो उत्तरदायी होतो. माझा कल कुठे आहे हे आपल्या लक्षात आलंच असेल.

समूहाने रचलेलं नाटक

तिसरी गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते. संहिता हातात असलेला लेखक-दिग्दर्शक आणि त्याच्या आज्ञेत वागणारे नट, ही रचना तशीच ठेवून प्रेक्षकाशी बरोबरीचं नातं जोडता येईल का? बादलबाबूंचा अनुभव असा की येत नाही. आधी संचाच्या आत बरोबरी यावी लागते. म्हणून 'शताब्दी'च्या कामात कार्यशाळा मध्यवर्ती झाली. विश्वासाचे खेळ, एकमेकांचं प्रतिबिंब होणं, सगळ्यांनी मिळून एक यंत्र होणं, न बोलता प्रसंग उभा करणं. यातून नट आपल्या शरीराचा संकोच सोडतो आणि दुसऱ्याच्या शरीराचा भार घ्यायला शिकतो. पाठांतराच्या तालमीपेक्षा ही तालीम वेगळी होती.

'भोमा' असंच घडलं. सुंदरबनातल्या रंगबेलिया गावी तुषार कांजीलाल हे शिक्षक ग्रामविकासाचं काम करत. त्यांच्याकडून संचाला भोमा नावाच्या माणसाची हकिकत कळली. जंगल तोडून, वाघ आणि खाऱ्या पाण्याशी झगडून जमीन वसवणाऱ्या कुटुंबातला तो. शहरातल्या नटांनी भोमा म्हणून उभं राहणं हे त्यांना खोटं वाटलं. म्हणून नाटकात भोमाची भूमिका कुणी करतच नाही. नाटक आहे ते भोमाविषयी ऐकूनही ज्यांचं रक्त गार राहतं त्या शहरी माणसांचं, म्हणजे नटांचं स्वतःचं आणि प्रेक्षकांचं. एकसंध कथानक नाही. माहिती, आकडे, प्रसंग, कळवळा, निर्लज्जपणा असे तुकडे आहेत आणि त्यांतून वारंवार एक नाव ऐकू येतं. नटच झाडं होतात, नटच जंगल होतात. 1976 साली हे नाटक सुंदरबनातच, रंगबेलियाला करून दाखवलं गेलं. ज्यांच्याविषयी नाटक, त्यांच्यासमोर नाटक. आपलं शहरी अपराधीपण घेऊन त्या गावकऱ्यांसमोर उभं राहायला जे बळ लागतं, ते समूहाकडेच असू शकतं.

'बासी खबर' यात आणखी पुढचं पाऊल आहे. 1855 च्या संथाळ उठावाचा इतिहास आणि रोजच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या यांची ती वीण. सभासदांनी वाचन केलं, कात्रणं जमवली, प्रसंग सुचवले, करून पाहिले, टाकले. बादलबाबूंनी त्याला संहितेचं रूप दिलं, पण साहित्य सगळ्यांचं होतं. नाटकातला एक मेलेला माणूस जिवंतांमधून वावरत राहतो. सकाळी चहाबरोबर वाचून बाजूला टाकलेली बातमी तो कुणालाही विसरू देत नाही.

याच काळात, 1975 साली, बादलबाबूंनी नगररचनेची नोकरी सोडली. पुढे संच गावोगाव परिक्रमेला निघू लागला. पायी जायचं, गावात थांबायचं, नाटक करायचं, लोकांशी बोलायचं. सामान पाठीवर मावेल एवढंच. त्यांच्या कार्यशाळा देशभर झाल्या. मणिपूरच्या हैस्नाम कन्हाईलाल यांच्यासारख्या थोर दिग्दर्शकाच्या वाटचालीत इम्फाळच्या कार्यशाळेचा वाटा आहे.

आक्षेप

या कामावर आक्षेपही आहेत आणि ते टाळून पुढे जाणं योग्य नाही. पहिला आक्षेप संख्येचा. खोलीत बसतात ती मोजकी माणसं, उत्पल दत्त मात्र जात्रेतून हजारोंपर्यंत पोचत होते. ज्याला समाज बदलायचा आहे त्याने मोठा प्रेक्षक का सोडावा? या प्रश्नात वजन आहे. माझं उत्तर एवढंच की दोन्ही कामं लागतात. हजारोंसमोर भावना पेटवता येते. पण दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहून स्वतःला प्रश्न विचारण्यासाठी लहान जागाच लागते. शिवाय लहान जागेतलं नाटक वारंवार आणि अनेक ठिकाणी करता येतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. 'एवम् इंद्रजित'मधल्या मध्यमवर्गीय माणसाचं एकाकीपण, 'बाकी इतिहास'मधली मनाची खोली, संवादातली लय, हे नंतरच्या नाटकांत पातळ झालं. समूह आला आणि व्यक्ती गेली. हे बऱ्याच अंशी खरं आहे. 'मिछिल' आणि 'भोमा' वाचायला घेतली तर ती विरळ वाटतात. ती वाचण्यासाठी रचलेली नव्हती, ही एक बाजू. पण त्या पद्धतीने देशभर जी पुढची नाटकं झाली, त्यांतली पुष्कळ घोषणांच्या पलीकडे गेली नाहीत, हीही वस्तुस्थिती आहे. शरीराचे मनोरे रचणं सोपं असतं, त्यात विचार भरणं अवघड. बादलबाबूंच्या हाती ही पद्धत टिकली, कारण त्यांच्यामागे उत्तम लेखकाची पंधरा-वीस वर्षांची मेहनत होती. ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांनी भाषेची मेहनत टाळू नये, हा त्यातून घ्यायचा धडा आहे.

आपल्या अंगणात

मराठी रंगभूमीचा या साऱ्याशी संबंध जवळचा आहे. अमोल पालेकर यांनी 'मिछिल' मराठीत 'जुलूस' या नावाने केलं. प्रेक्षकांमध्ये घडणाऱ्या नाटकाचा अनुभव मुंबईच्या रसिकांना त्यातून मिळाला. 'स्पार्टाकस'च्याच वर्षी, 1972 च्या डिसेंबरात, पुण्यात 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं. तिथेही नेपथ्याच्या जागी माणसांची भिंत आली. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन शहरांत, दोन वेगळ्या प्रकृतींच्या नाटकांनी एकाच वर्षी नटसमूहाच्या शरीरावर एवढा विश्वास टाकला. 'घाशीराम' चौकटीत राहिलं आणि तिथे त्याने वैभव दाखवलं. 'शताब्दी' चौकटीबाहेर गेली.

आणि 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने जे चालवलं ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी शाळेचा तो साधा हॉल प्रायोगिक नाटकांना मिळवून दिला आणि एका पिढीचं नाटक तिथे घडलं. बंगालच्या आणि महाराष्ट्राच्या या दोन हकिकती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. अकॅडमीतली खोली, कॉलेज स्क्वेअरजवळचा थिऑसॉफिकल सोसायटीचा हॉल, कर्झन पार्क, छबिलदास शाळा : यांतली एकही जागा नाटकासाठी बांधलेली नव्हती. कुणीतरी ती उसनी दिली, कमी भाड्यात दिली, किंवा लोकांनी ती आपली मानली. ठरावीक जागा, ठरावीक वार आणि टिकून राहणारा संच, एवढ्यावर एक रंगभूमी उभी राहिली.

आज आपल्याकडे तरुण गट आहेत, त्यांच्यापाशी कल्पना आहेत, धिटाई आहे. स्पर्धेसाठी ते उत्तम एकांकिका बसवतात. स्पर्धा संपते, संच पांगतो, पुढच्या वर्षी नवा संच. एकमेकांचा भार घेण्याची सवय लागायला जी वर्षं द्यावी लागतात ती त्यांना मिळत नाहीत. दोष त्यांचा नाही. तालमीला जागा नाही, प्रयोगाला जागा नाही, आणि नाट्यगृहाचं भाडं भरलं की पुढच्या प्रयोगासाठी काही उरत नाही. बादलबाबूंनी केलेला हिशेब आजही तसाच लागू आहे.

आयुष्याच्या अखेरीस, 2010 साली, पद्मभूषण देऊ केलं असता बादलबाबूंनी ते घेतलं नाही. संगीत नाटक अकादमीची फेलोशिप हा सन्मान आपल्याला पुरेसा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 13 मे 2011 रोजी ते गेले. त्यांच्या नावाचे पुतळे किंवा सभागृहं उभारण्यापेक्षा त्यांच्या कामाला शोभेल असं काही आपण करू शकतो, आणि त्यासाठी मोठा निधी लागत नाही.

म्हणून इथे बसलेल्यांना माझी दोन प्रकारची विनंती आहे. आपल्यापैकी जे शाळांच्या, ग्रंथालयांच्या, मंगल कार्यालयांच्या, गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापनात आहेत, त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ आपला हॉल एखाद्या नाट्यसंचाला विनाभाडं द्यावा. एका महोत्सवापुरता देऊन थांबू नये. निदान 3 वर्षं, तोच वार, तोच संच, असा द्यावा. आणि जे रसिक म्हणून आले आहेत त्यांनी त्या संध्याकाळी तिथे जाऊन बसावं, शेजारच्या माणसाचा चेहरा दिसेल अशा ठिकाणी. नाटक आवडलं तर सांगावं, नाही आवडलं तरी समोरासमोर सांगावं, आणि जाताना परवडेल तेवढे पैसे ठेवून जावं. नट आपलं काम करायला तयार आहेत. आता आपण आपलं करू या.